गव्हातील परजातीय तांबेरा-प्रतिकारक जनुके

गव्हावरील तांबेरा रोगाला दाद न देण्याचा गुण राय, खपली गहू आणि रानटी गवते यांसारख्या नातलग जातींतून सामान्य गव्हात आणण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले, त्यांचा इतिहास. हा गुण ज्या आनुवंशिक घटकांमुळे (जनुकांमुळे) येतो, ते परक्या जातीतून आणणे प्रथम जवळजवळ अशक्य वाटत होते. पुढे ते साध्य झाले. परंतु आणलेले जनुक शेतात किती काळ टिकेल, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला.

रोग व त्याचा पूर्वेतिहास : तांबेरा हा पक्सिनिया या वंशातील परजीवी कवकांमुळे (बुरशीच्या वर्गातील जीवांमुळे) होणारा रोग आहे. गव्हावर त्याचे तीन प्रकार आढळतात : मुख्यतः खोडावर पडणारा काळा तांबेरा, पानावर पडणारा नारिंगी (तपकिरी) तांबेरा आणि पानांवर ओळीने पुटकुळ्या उठविणारा पिवळा तांबेरा. पुटकुळ्या फुटल्या म्हणजे त्यांतून रंगीत भुकटी बाहेर पडते. रोग पडलेल्या शेतातून चालत गेलेल्या माणसाचे कपडे तिने तांबूस होतात. या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीजुक (कवकाचे सूक्ष्म बीज) असून ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकते. तिन्ही प्रकारांत काळा तांबेरा सर्वांत घातक होय. ओंबीत दाणा भरत असताना तो खोडावर पडला, तर दाण्यापर्यंत अन्नरस पोहोचत नाही, दाणा सुरकुततो व ताटे मोडून आडवी होतात. काढणीच्या तीन आठवडे आधी निरोगी दिसणारे पीक अशा वेळी हातचे जाते.

प्राचीन रोमन लोक या रोगाची देवता मानीत आणि तिला शांत करण्यासाठी दर वर्षी २५ एप्रिल रोजी उत्सव करीत. रोगाचे कारण सूक्ष्म परजीवी जीव आहे, असे फोंताना व तोझेत्ती या दोन इटालियन शास्त्रज्ञांनी १७६७ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. काळ्या तांबेऱ्याचे कवक आपल्या जीवनक्रमाचा काही भाग गव्हावर व काही भाग बार्बेरी (दारुहळदीच्या वंशातील झुडूप) या वनस्पतीवर काढते, हे जर्मन शास्त्रज्ञ आन्टोन डे बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले. भारतात १८२७ ते १८३२ च्या दरम्यान नर्मदेच्या खोऱ्यात या रोगाने गव्हाची वाताहत झाल्याची हकिगत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. त्या भागातील लोकांनी तिचे कारण ईश्वरी कोपात शोधले. भारतातील मैदानी प्रदेशात बार्बेरीचा या रोगाशी संबंध नाही. उन्हाळ्यात गव्हाबरोबर नष्ट होणारी बीजुके हिमालय, निलगिरी व पळणी या डोंगरांतील थंड हवेत तग धरतात आणि पुढील हंगामात तेथून मैदानात उतरतात, हे आग्रा येथील करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या कष्टाने दाखवून दिले. परदेशी ग्रंथांतील निष्कर्ष जसाच्या तसा न स्वीकारता आपल्या भूमीत तपासून पाहण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि आधीच अन्नटंचाईने गांजलेल्या देशाला तिचा जबर फटका बसला.

प्रतिकार हा आनुवंशिक गुण : रोगाला बळी न पडण्याचा गुण बापजाद्यांकडून मिळतो, हे शेतकऱ्यांना ढोबळमानाने ठाऊक होतेच. केंब्रिज येथील रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये त्याला शास्त्रीय रूप दिले. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा व न पडणारा अशा दोन वाणांचा संकर केला असता दुसऱ्या पिढीतील सुमारे एक चतुर्थांश झाडे निरोगी राहतात, म्हणजेच हा गुण मेंडेल यांच्या नियमांप्रमाणे उतरतो, असे त्यांना आढळले. वनस्पतींच्या रोगप्रतिकाराबाबत मेंडेल यांच्या नियमांचा हा पहिलाच स्पष्ट पुरावा होता. त्यातून असा समज झाला की, एकदा प्रतिकारक जनुक सापडले व चांगल्या वाणात आणले की काम संपले.

हा समज अमेरिकेतील मिनेसोटा येथे एल्विन स्टॅकमन व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाने ढासळला. काळ्या तांबेऱ्याचे कवक एकजिनसी नसून त्याचे अनेक प्रभेद आहेत आणि एका प्रभेदाला दाद न देणारा गहू दुसऱ्याला सहज बळी पडतो, हे त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सिद्ध केले. प्रभेद ओळखण्यासाठी त्यांनी गव्हाचे बारा कसोटी-वाण निवडले. त्यांपैकी एक ‘खपली’ या नावाने ओळखला जातो व तो भारतातून गेलेला आहे. खपली गहू (जोड गहू) महाराष्ट्रात सांगली, सातारा व कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात बेळगाव, धारवाड व विजापूरकडे पूर्वापार पिकतो. त्याच्या दाण्याचे टरफल मळणीने सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. खीर, शेवया व पुरणपोळी यांसाठी हा गहू नावाजलेला आहे. तांबेऱ्याच्या बहुतेक प्रभेदांना तो दाद देत नाही, हे कळल्यावर गव्हावर काम करणाऱ्या जगातील अनेक प्रयोगशाळांत तो जाऊन बसला. हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावीही नसेल.

१९१६ मध्ये उत्तर अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची अभूतपूर्व साथ आली. संयुक्त संस्थानांत सुमारे २० कोटी बुशेल व कॅनडात सुमारे १० कोटी बुशेल गहू बुडाला. महायुद्ध चालू असताना झालेल्या या नुकसानीमुळे दोन मार्गांनी हालचाल सुरू झाली. बार्बेरीची झुडपे उपटून काढण्याची सरकारी मोहीम १९१८ मध्ये निघाली. दुसरा मार्ग होता प्रतिकारक वाण तयार करण्याचा.

खपलीच्या कुळातून पहिली आणणूक : खपली व तिच्याच कुळातील एमर गहू यांत प्रतिकार होता, पण तो सामान्य गव्हात आणणे सोपे नव्हते. सामान्य गव्हाच्या पेशीत ४२, खपली व बन्सी (ड्युरम) गव्हात २८ आणि एकदाणी गव्हात (आइनकॉर्न) १४ गुणसूत्रे असतात. गुणसूत्रांची संख्या न जुळल्यामुळे त्यांचा संकर बहुधा वांझ निपजतो आणि जी थोडी झाडे धरतात, त्यांत रानटी गुणांचीच गर्दी असते. अमेरिकेतील साउथ डकोटामध्ये वाढलेल्या एडगर मॅकफॅडन यांनी महायुद्धाच्या सुमारास मार्क्विस हा त्या काळचा उत्कृष्ट रोटीचा गहू आणि यारोस्लाव्ह नावाचा एमर गहू यांचा संकर केला. जाणकारांचा अभिप्राय प्रतिकूल होता आणि साधने तुटपुंजी होती. तरीही अनेक वर्षांच्या निवडीतून त्यांनी ४२ गुणसूत्रांचे व तांबेऱ्याला दाद न देणारे ‘होप’ व ‘एच-४४’ हे दोन वाण मिळविले आणि १९३० मध्ये त्यांची हकिगत प्रसिद्ध केली. ‘होप’ म्हणजे आशा. वाण म्हणून होप विशेष चालला नाही; जनक म्हणून मात्र त्याचे स्थान असाधारण आहे. त्याच्यातील एक जनुक (एसआर-२, काळ्या तांबेऱ्याच्या प्रतिकारक जनुकांना ‘एसआर’ व अनुक्रमांक देण्याची प्रथा आहे) नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतील गव्हांत आले आणि त्यांच्यामार्फत जगभर पसरले. एसआर-२ रोग पूर्णपणे थांबवीत नाही, पक्व झाडावर त्याची गती मंद करते. आणि बहुधा याच कारणाने ते इतकी दशके उपयोगी ठरले. गंमत अशी की, हे जनुक असलेल्या झाडाच्या तुसांवर व खोडावर कधीकधी काळपट छटा येते आणि ते झाडच रोगट दिसते. नुसत्या दिसण्यावर झाडे टाकून देणाऱ्यांच्या हातून हे जनुक कित्येकदा निसटले असावे.

याच सुमारास मिनेसोटात इउमिलो या ड्युरम गव्हापासून प्रतिकार घेऊन ‘थॅचर’ हा वाण तयार झाला (१९३४). ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल या स्थानिक वाणाशी करून ‘खपस्टाइन’ मिळविला. त्यात खपलीकडून आलेल्या जनुकांपैकी एसआर-१३ चा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

थॅचर व होप यांच्या वंशातील गव्हांमुळे उत्तर अमेरिका जवळजवळ पंधरा वर्षे निर्धास्त होती. १९५० मध्ये ‘१५-बी’ हा प्रभेद एकाएकी सर्वत्र पसरला. १९५३ व १९५४ साली त्याने विशेषतः ड्युरम गव्हाची अपरिमित हानी केली. प्रतिकाराचे प्रत्येक जनुक कवकाच्या एका विशिष्ट जनुकाला ओळखून काम करते आणि कवकातील ते जनुक बदलले की झाडाला शत्रू ओळखूच येत नाही, हे एच्. एच्. फ्लोर यांनी जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून दाखविले होते. १५-बी ने ते शेतात सिद्ध केले. गव्हातील स्वतःची प्रतिकारक जनुके मोजकी होती. नवीन जनुकांसाठी अधिक दूरच्या नातलगांकडे वळणे भाग पडले.

सीअर्स यांचा प्रयोग : दूरच्या नातलगांबाबत अडचण वेगळीच असते. परक्या जातीची गुणसूत्रे संकरित झाडात येतात, पण गव्हाच्या गुणसूत्रांशी जोडी जमवीत नाहीत. जोडी नाही म्हणून अदलाबदल नाही आणि अदलाबदल नाही म्हणून हवे ते एकच जनुक वेगळे काढता येत नाही. परक्या गुणसूत्राचे सारे ओझे घ्यावे, नाही तर काहीच घेऊ नये, अशी ही अवस्था होती. मिसूरी विद्यापीठातील अर्नेस्ट सीअर्स यांनी यावर जो तोडगा काढला, तो आनुवंशिकीच्या इतिहासात सुंदर प्रयोगांपैकी एक म्हणून गणला जातो.

एजिलोप्स अम्बेल्युलाटा या भूमध्यसमुद्राच्या पूर्वेकडील रानगवतात नारिंगी तांबेऱ्याला प्रबळ प्रतिकार होता. त्याचा सामान्य गव्हाशी सरळ संकर यशस्वी होत नव्हता. म्हणून सीअर्स यांनी मध्ये पुलासारखा रानटी एमर गहू घातला. १४ गुणसूत्रांचे गवत व २८ गुणसूत्रांचा रानटी एमर यांच्या संकरातील गुणसूत्रे दुप्पट करून ४२ गुणसूत्रांची जननक्षम झाडे मिळाली. (कोल्चिसीन या वनस्पतिजन्य द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करता येतात हे १९३७ पासून माहीत झाले होते व त्यावाचून हे सारे संशोधन पुढे सरकले नसते.) या झाडांचा गव्हाशी पुनःपुन्हा संकर केल्यावर ज्यात गव्हाची सर्व गुणसूत्रे आणि त्यांशिवाय गवताचे एकच गुणसूत्र आहे, असे झाड हाती आले. ते तांबेऱ्याला दाद देत नव्हते, पण त्या एका गुणसूत्राबरोबर आलेल्या इतर गुणांमुळे पीक म्हणून ते निरुपयोगी होते.

येथे सीअर्स यांनी क्ष-किरणांचा उपयोग केला. फुलोऱ्याच्या आधी झाडांवर क्ष-किरण सोडून गुणसूत्रांचे तुकडे पाडायचे. तुटलेली टोके कोठे ना कोठे जुळतातच, तेव्हा गवताच्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा एखाद्या गव्हाच्या गुणसूत्राला चिकटला असेल, अशी आशा धरून त्या झाडांचे पराग साध्या गव्हावर टाकायचे आणि संततीवर तांबेरा पाडून निरोगी झाडे वेचायची. सहा हजारांहून अधिक संततीतून सुमारे सव्वाशे झाडे निरोगी निघाली. त्यांतील बहुतेकांत गवताचा तुकडा मोठा होता किंवा काही ना काही वैगुण्य होते. मात्र एका झाडात तो इतका लहान होता की, प्रतिकार सोडल्यास दुसरा कोणताही बदल दिसत नव्हता. १९५६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाडाला ‘ट्रान्सफर’ असे सार्थ नाव व जनुकाला एलआर-९ हा क्रमांक मिळाला (नारिंगी तांबेऱ्याची जनुके ‘एलआर’ ने दर्शवितात). भिन्न जातीतील हवे तेवढेच जनुक बुद्ध्या आणता येते, याचे हे पहिले निर्विवाद उदाहरण होते.

एलआर-९ चे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १९७० नंतर ते अमेरिकेतील मऊ दाण्याच्या हिवाळी वाणांत घालण्यात आले आणि थोड्याच वर्षांत त्याला न जुमानणारे प्रभेद उत्पन्न झाले. अनेक वर्षांचे प्रयोगशाळेतील कौशल्य कवकाने शेतात काही हंगामांतच निष्प्रभ केले.

जोडीचा अडसर : गव्हाची गुणसूत्रे परक्यांशी जोडी का जमवीत नाहीत, याचा उलगडा १९५८ मध्ये केंब्रिज येथे रायली व चॅपमन यांनी आणि मिसूरीत सीअर्स व ओकामोटो यांनी जवळजवळ एकाच वेळी केला. ‘५-बी’ या गुणसूत्रावर एक जनुक असून ते केवळ खऱ्या जोडीदारांनाच एकत्र येऊ देते. तीन पूर्वजांचे तीन संच बाळगणाऱ्या गव्हाची शिस्त या एका जनुकावर अवलंबून आहे. ते काढले किंवा दाबले की परक्या गुणसूत्राशी अदलाबदल होऊ शकते. याचा फायदा घेऊन रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये एजिलोप्स कोमोसा या गवतातील पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार गव्हात आणला आणि क्ष-किरणांच्या आंधळ्या तोडफोडीला पर्याय मिळाला.

कॅनडात नॉट यांनी उंच व्हीटग्रास या खाऱ्या जमिनीतही वाढणाऱ्या गवतातून एसआर-२६ हे जनुक आणले (१९६१). ऑस्ट्रेलियात १९७१ पासून ‘ईगल’ या वाणात ते वापरले गेले व दीर्घकाळ टिकले; परंतु त्याबरोबर आलेल्या गवताच्या तुकड्यामुळे उत्पन्नात घट होते असे आढळल्यामुळे त्याचा व्हावा तितका प्रसार झाला नाही. त्याच कुळातील गवतातून आलेल्या एलआर-१९ बरोबर पिठाला पिवळसर रंग देणारे जनुक जोडून आले. पांढऱ्या पिठाची सवय असलेल्या गिरणीवाल्यांनी तो गहू नाकारला आणि मग तो रंग घालविण्यासाठी स्वतंत्र संशोधन करावे लागले. आणलेल्या गुणाबरोबर न मागितलेले गुणही येतात आणि बहुतेक वेळा वाणाचे भवितव्य तेच ठरवितात.

रायचे गुणसूत्र : या इतिहासातील सर्वांत यशस्वी आणणूक मात्र कोणी योजून केलेली नव्हती. जर्मनीत गहू व राय यांचे संकर करण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू होते. त्यांतून निघालेल्या काही गव्हांत ‘१-बी’ या गुणसूत्राची एक भुजा आपोआप गळून तिच्या जागी रायच्या पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा बसली. असा बदल झाला आहे याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. चांगले पीक देणारे, निरोगी गहू म्हणून ते एका संशोधन केंद्राकडून दुसऱ्याकडे गेले. क्रास्नोदार येथील लुक्यानेंको यांनी त्यांचा उपयोग करून ‘अव्रोरा’ व ‘कावकाझ’ हे प्रसिद्ध रशियन वाण तयार केले. या गव्हांत रायची भुजा आहे, हे जर्मनीत मेटिन व झेलर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, तोवर हे वाण लक्षावधी हेक्टरांवर पोहोचले होते.

या एका भुजेवर काळ्या तांबेऱ्याचे एसआर-३१, नारिंगी तांबेऱ्याचे एलआर-२६, पिवळ्या तांबेऱ्याचे वायआर-९ आणि भुरी रोगाचे पीएम-८ अशी चार प्रतिकारक जनुके होती. गव्हाशी तिची अदलाबदल होत नसल्याने ती चारही एकाच गठ्ठ्याने पुढच्या पिढीत जात. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने कावकाझपासून ‘व्हीरी’ या नावाची गव्हाची मालिका तयार केली. तिच्या जनकांत भारतातील कल्याणसोना हाही होता. व्हीरीचे उत्पन्न भरघोस होते आणि कोरड्या हवेतही ती तग धरी. दोष एकच, रायच्या प्रथिनांमुळे कणीक चिकट होई. यंत्रावर पाव करणाऱ्यांना तो जाचक वाटला. तरीही आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत या भुजेचे वंशज पसरले. भारतात १९९५ मध्ये लुधियाना येथून प्रसारित झालेला ‘पीबीडब्ल्यू-३४३’ हा वाण त्यांपैकीच असून पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथे तो काही वर्षे प्रमुख वाण होता.

चारपैकी तीन जनुके कवकांनी एकेक करून निकामी केली. १९८० नंतर पूर्व आफ्रिकेतून निघालेला वायआर-९ ला न जुमानणारा पिवळा तांबेरा पश्चिम आशियामार्गे १९९० नंतरच्या दशकात भारतीय उपखंडात पोहोचला. एसआर-३१ मात्र अभंग राहिले. काळा तांबेरा जवळजवळ दिसेनासा झाला, अनेक देशांत त्याच्यावरील संशोधनाचा पैसा आटला आणि तो ओळखणारी माणसेही कमी झाली. ज्या जनुकाने रोग दूर ठेवला, त्यानेच रोगाची आठवणही पुसली. जगातील एवढे मोठे क्षेत्र एकाच जनुकाच्या भरवशावर टाकण्याचा निर्णय कोणी एकाने घेतला नव्हता. प्रत्येक देशाने आपापल्या परीने चांगला वाण निवडला आणि सर्वांची निवड एकाच जागी येऊन ठेपली.

१९९८ मध्ये युगांडाच्या नैर्ऋत्येकडील कालेंगेरे येथील प्रयोगक्षेत्रात एसआर-३१ असलेल्या गव्हावर काळा तांबेरा पडलेला आढळला. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुना तपासून हा प्रभेद नवा असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध केले. ‘युजी-९९’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. २००३ मध्ये तो इथिओपियात, २००६ मध्ये सूदान व येमेनमध्ये आणि २००७ मध्ये इराणमध्ये आढळला. नव्वदीच्या घरातील बोरलॉग यांनी २००५ मध्ये नैरोबी येथे जगाला जाहीर इशारा दिला व त्यातून आंतरराष्ट्रीय सहकार्याची मोहीम उभी राहिली. केन्यातील न्योरो येथे भारतासह अनेक देशांचे गहू या प्रभेदासमोर पेरून पारखण्यात आले; त्या वेळच्या लागवडीतील बहुसंख्य वाण त्याला बळी पडणारे निघाले. पर्याय म्हणून पुढे आलेले, व्हीटग्रासकडून आलेलेच एसआर-२४ हे जनुकही २००६ मध्ये त्याच्या एका नव्या रूपाने केन्यात निकामी केले. युजी-९९ भारतात आढळल्याची नोंद नाही.

हा प्रभेद कसा उत्पन्न झाला, याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. तांबेऱ्याच्या पेशीत दोन केंद्रके असतात. युजी-९९ च्या दोहोंपैकी एक केंद्रक ऑस्ट्रेलियातील एका जुन्या प्रभेदातील केंद्रकाशी तंतोतंत जुळते. दोन प्रभेदांचे तंतू एकत्र येऊन त्यांनी, बार्बेरीवरील लैंगिक अवस्थेवाचूनच, केंद्रकांची अदलाबदल केली असा याचा अर्थ होतो. सीअर्स यांना जे क्ष-किरणांनी करावे लागले, त्याच्या तोडीचे काम कवकाने शेतातल्या शेतात उरकले होते.

भारतातील कार्य : नासिक जिल्ह्यातील निफाड येथील गहू संशोधन केंद्रात केन्यातील प्रतिकारक गहू व निफाडचा वाण यांच्या संकरातून ‘केनफाड’ या नावाचे वाण तयार करण्यात आले, दोन्ही जनकांची नावे त्या एका नावात आहेत. महाबळेश्वरच्या थंड व दमट हवेत तांबेरा सहज वाढत असल्याने तेथील गहू तांबेरा संशोधन केंद्रात वाणांची पारख केली जाते. निलगिरीतील वेलिंग्टन येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्राने परजातीय जनुके भारतीय वाणांत आणण्याचे काम चिकाटीने केले. सी-३०६ या चपातीसाठी लोकप्रिय असलेल्या वाणाशी पुनःपुन्हा संकर करून त्यात व्हीटग्रासकडील एसआर-२४ व एलआर-२४ ही जोडजनुके घातलेला ‘एचडब्ल्यू-२००४’ हे त्याचे फळ होय. निलगिरीवरच काळ्या तांबेऱ्याचा उगम रोखला, तर मध्य भारतातील पिकाला संरक्षण मिळते, अशी यामागील भूमिका आहे व ती मेहता यांच्या शोधावर आधारलेली आहे.

जनुकांचे विलगीकरण : एकविसाव्या शतकात प्रतिकारक जनुके एकेक करून वेगळी काढता येऊ लागली. एकदाणी गव्हातील एसआर-३५ आणि एजिलोप्स टाउशी या गवतातील (सामान्य गव्हाच्या तीन पूर्वजांपैकी एक) एसआर-३३ या जनुकांची रचना २०१३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाली. रायमधील एसआर-५० ची रचना २०१५ मध्ये कळली, तेव्हा ते बार्लीतील (सातूतील) भुरी रोगाच्या प्रतिकारक जनुकाचे सगोत्र असल्याचे दिसून आले. गहू, राय व सातू एकमेकांपासून वेगळे होण्याच्या आधीपासून हे कुळ चालत आलेले आहे. यामुळे एका तृणधान्यातील जनुक दुसऱ्यात काम करील काय, या जुन्या प्रश्नाला नवे बळ आले. मक्यातील आरएक्सओ-१ हे जनुक भातात घातले असता जिवाणुजन्य पर्णरेषा रोगाला प्रतिकार निर्माण होतो, हे २००५ मध्येच दाखविण्यात आले होते. गव्हातील एलआर-३४ हे रोगाची गती मंद करणारे जनुक २०१३ मध्ये सातूत घालण्यात आले. सातूवरील तांबेरा व भुरी या दोन्ही रोगांना त्याने आवर घातला, पण पानांची टोकेही अकाली वाळली. परक्या गुणसूत्राचे ओझे टळले, तरी जनुकाचा स्वतःचा भार उरतोच.

एकेकटे जनुक वापरण्याची चूक टाळण्यासाठी अनेक जनुके एकत्र जोडून एकाच जागी बसविण्याचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाणी गव्हाच्या कुळातील दोन, एजिलोप्स टाउशीतील एक, रायमधील एक व गव्हातील स्वतःचे एक अशी पाच जनुके एका गव्हात एकाच गठ्ठ्याने घालण्यात आली आणि त्या गव्हाने काळ्या तांबेऱ्याच्या अनेक प्रभेदांना तोंड दिले. हा संशोधनातील प्रयोग असून लागवडीसाठी दिलेला वाण नव्हे. शिवाय यांपैकी एखादे जनुक दुसऱ्या कोणी एकेकटे वापरले, तर कवकाला त्याच्यापुरती वाट मोकळी मिळते. म्हणून असा गठ्ठा किती टिकेल हे वापरणाऱ्या सर्वांच्या संयमावर अवलंबून आहे.

खपलीतून ऑस्ट्रेलियात गेलेले एसआर-१३ युजी-९९ पुढेही टिकून राहिले. ड्युरम गव्हात ते पूर्वीपासून आढळत होते. त्याची रचना २०१७ मध्ये उलगडण्यात आली. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने खपलीचाच ‘एमएसीएस-२९७१’ हा सुधारित वाण तयार केलेला आहे.